वसंताने उचललेला भंडारा

कर्जत, रविवार, १४ मे १९७२

माझा धाकटा भाऊ वसंता नशेसाठी पेथिडिनची इंजेक्शनं टोचून घेतो. डॉक्टर म्हणाले, इथे इलाज नाही, पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात न्या. मी उद्या नेणार होते.

आई उसळली, "वेड्यांत टाकतीस व्हय? त्याच्या पोरीला कोन करून घेईल?" तिच्या लेखी व्यसन म्हणजे दारूच. आज तिने त्याला खंडोबाचा भंडारा उचलायला लावला, दारूला शिवणार नाही म्हणून. जन्मात न प्यालेल्याने झटकन उचलला. या उन्हात लांब बाह्यांचा सदरा!

"बाही वर कर," मी म्हटलं.

"अक्का, देवाला तरी मान."

शपथ झाली म्हणून आईने पुणं रद्द केलं. बाहीवर रक्ताचा ताजा ठिपका होता, आईनेही पाहिला.

"कुंकू सांडलं आसंल," म्हणाली. आणि सदरा धुवायला माझ्याकडे दिला.