एकशे त्रेचाळिसावं पान

लोणावळा,
११ जानेवारी २०२५

ती. आबांना,
स्नेहलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. ओवीचा खोकला गेला. तिचा पहिला दात पडला, तो आजोबांच्याच कौलावर टाकायचा म्हणून डबीत जपून ठेवलाय.

रविवारी आमच्या वाचनालयात आदिनाथच्या ‘सातवं टाकं’ कादंबरीवर चर्चा झाली. त्याला जाऊन तीन महिने झाले, आता चर्चा. वीस-पंचवीस माणसं आली आणि लगेच दोन तट पडले. रेल्वेतून रिटायर झालेले अनंतकाका म्हणाले, डोंगरातलं टाकं काय, त्यातला ताम्रपट काय, मागे लागलेले चोर काय, एका बैठकीत संपवलं, चहा गार झाला तरी कळलं नाही. शाळेतल्या अपूर्वाबाईंना ते पटेना. दोन हजार वर्षांचं लेणं सापडतं आणि नायक त्याच्याकडे धड बघतसुद्धा नाही, नुसता पळतो. लेखकाला एवढी कसली घाई, असं त्यांचं म्हणणं. मी कप गोळा करत राहिले.

खरं भांडण लागलं ते पान एकशे त्रेचाळीसवरून. चोर पाठीवर असताना नायक भुयाराच्या तोंडाशी थांबतो आणि वडिलांना फोन करतो. अनंतकाका म्हणाले, हे पान फाडलं तरी काही अडत नाही. अपूर्वाबाई म्हणाल्या, अख्ख्या पुस्तकात मी तेवढ्या एकाच पानावर थांबले.

प्रकाशकांकडेही तशीच पत्रं आलीत. दुसऱ्या आवृत्तीत ते पान गाळू म्हणतात. करारात आदिनाथनं वारस म्हणून तुमचं नाव घातलंय, तेव्हा सही तुमची लागेल. कागद सोबत आहे. आधी पान वाचा, मग ठरवा. वाचाच, आबा.

तब्येतीला जपा, आमच्यावर माया आहे तशी राहू द्या.

स्नेहल


परंदवडी,
१६ जानेवारी

चि. स्नेहल हिला आशीर्वाद. आधी सवयीनं सौ. लिवलं, मग खोडलं. कागद खराब झाला, दुसरा घेत न्हाई.

सही केलीय. कागद परत धाडलाय. पुस्तक वाचलं न्हाई. तेराव्याला तू दिलंस तसं फडक्यात बांधून देवळीत हाय. चौथी शिकल्याला माणूस मी, दोनशे पानं कवा वाचू? पान नको म्हंत्यात तर काढा. भात पाखडताना पळिंज उडतंच, त्याला कुणी सही मागत न्हाई.

तुझ्या मास्तरीणबाईला सांग, ती घाई माझी हाय. पोरगं लहान असताना गुरांमागं डोंगराव जायचं आन सांजच्याला येऊन सुरू व्हायचं. आधी चप्पल कुटं तुटली, मग करवंदं कुटं खाल्ली, मग लेण्यात आवाज कसा घुमतो. मी म्हणायचो, फाफटपसारा नको, टाक्यात पाणी हाय का न्हाई तेवढं सांग. तवाधरनं शिकलं ते तोडून सांगाया. मास्तरीणबाईला लेणी बघायची असली तर म्हणावं चढून जा, बसायला कट्टा बी हाय.

फोनचं इचारू नको. ट्रंकेत ठिवलाय.

दाताची डबी घेऊन या. कौलं काढली, आता पत्रा हाय. पत्र्याव टाकू, आवाज बी येईल.

लोभ हाय. त्यो काय लिवून वाढत न्हाई.

दत्तोबा


परंदवडी,
२४ फेब्रुवारी

चि. स्नेहल, आशीर्वाद. खुशाली लिवत न्हाई.

त्यो सहीचा कागद थांबव. म्हातारा येडा झालाय म्हणावं, काय वाट्टेल ते सांग.

नथूच्या सलूनात दाढीला गेलतो. त्यानं पुस्तक वाचलंय. वस्तरा गळ्याव धरून मला म्हणाला, आबा, ह्यातला म्हातारा तुमच्यावानीच तोडून बोलतो. त्याच्या दुकानात पोरांची त्याच्यावरनं भांडणं. निम्मी म्हंत्यात बाप खडूस हाय, निम्मी म्हंत्यात पोरानंच सांगाया पायजे व्हतं.

घरी आलो, फडकं सोडलं. बोट ठिवून ठिवून वाचलं. एका पानाला सकाळ गेली.

पोरगं फोन करतं. बाप म्हंतो, “कामाचं असंल तर बोल. लाईट जायची हाय.” पोरगं म्हंतं, “काय न्हाई आबा. सहज.” आन ठिवतं.

ते माझं बोलणं हाय, स्नेहल. दोन वर्सांमागं कांद्याला दारं धरत व्हतो. मोटारीची लाईट अकराला जाणार, दोन वाफं राहिल्यालं. तवा त्याचा फोन आला. मी हेच बोललो, त्यो बी हेच बोलला. वाफं तेवढं भिजलं.

त्यो गेल्यापास्नं फोन वाजला की मला त्योच वाटतो. म्हणून ट्रंकेत ठिवलाय.

त्या दिशी त्यो कुटनं बोलत व्हता? खरं लिव. गोड करू नको.

दत्तोबा


लोणावळा,
१ मार्च

ती. आबा, नमस्कार.

कान्ह्याच्या स्टेशनातून. दवाखान्यातून रक्ताचा रिपोर्ट घेऊन निघाला आणि तिथल्या बाकावर बसला. आधी तुम्हाला सांगायचं होतं त्याला, माझ्याही आधी. फोन ठेवल्यावर दोन गाड्या सोडल्या, तिसरीनं घरी आला. मला सांगितलं आणि बजावलं, कांदा निघेपर्यंत आबांना कळता कामा नये. मग कांदा निघाला, भात लागला, आणि ते राहतच गेलं. तुम्हाला कळलं तेव्हा तो खाटेवर होता.

ते पान त्यानं लिहिलं तेव्हा मी चिडले होते. म्हटलं, कशाला दुखावतोस त्यांना? तो हसला. म्हणाला, “आबा वाचणार नाहीत. आणि वाचलंच, तर तेवढं एकच पान वाचतील.”

कागद थांबवता आला नाही. आवृत्ती छापून आली. वाचनालयानं पाच प्रती घेतल्या. एकशे बेचाळीसवर तो भुयारापाशी पोचतो आणि लगेच आत शिरतो. अनंतकाका खूश आहेत. मी एक प्रत उघडली आणि मिटून ठेवली.

आधी वाचा म्हटलं होतं, आबा. रागानं लिहीत नाही. थोडं रागानंच लिहितेय.

तरीही तुमचीच,
स्नेहल


परंदवडी,
१९ मार्च

चि. स्नेहल, आशीर्वाद.

राग बरोबर हाय. ऱ्हाऊ दे.

संगं पाच कागद धाडलेत. पाची पुस्तकांत एकशे बेचाळीसच्या म्होरं खळ लावून डकव. देवळीतल्या पुस्तकातनं हातानं उतरवलंय. एका कागदाला एक दीस लागला. काना-मात्रा चुकला असंल, मास्तरीणबाईनं लाल शाई मारली तरी चालंल. पाच दीस लाईट आली आन गेली. कांदा जरा सुकलाय. सुकू दे.

तिसऱ्या कागदाला हात थांबला. ‘कामाचं असंल तर बोल’च्या जागी मला नुसतं ‘बोल’ लिवायचं व्हतं. तीन शब्द गाळलं असतं, कुणाला कळलं असतं? अर्धा दीस पेन तसंच धरून बसलो. न्हाई गाळलं. पाची कागदांव जसंच्या तसं हाय. त्याचं बोलणं लय तोडलं मी, लिवल्यालं तोडत न्हाई.

अनंतरावाला फाडायचं असंल तर फाडू दे. मी परत लिवीन. तेवढंच काम हाय आता.

फोन ट्रंकेतनं काढलाय, चार्जिंगला लावलाय. ओवीला सांग, दात कसा पडला ते आजोबाला सांगायचं. दुखायला कवा लागला, कुणी हलवला, काय खाताना पडला, पार सुरवातीपास्नं.

मोटार बंद करून बसलोय.

दत्तोबा