भुरीच्या टोपलीवरचा धोंडा

शुक्रवार, सर्वण गाव. दिवेलागणीची वेळ.

आमची भुरी कोंबडी गेली, आणि ती माझ्यामुळे गेली.

वीस दिवस मागच्या पडवीत अंड्यांवर बसली होती. सकाळी म्हापशाच्या बाजाराला निघताना मुंगसाची धास्ती वाटली, म्हणून तिच्यावर टोपली उपडी घातली आणि वर धोंडा ठेवला. चांगला जड बघून ठेवला. दुपारच्या आधी येते म्हटलं, तर परतीची बस चुकली. पडवीत दुपारचं ऊन येतं हे मला काय माहीत नव्हतं? रोज तिथेच तर मिरच्या सुकवते मी.

तीन वाजता धोंडा काढला. अंड्यांवर पंख पसरून बसलेली. वाटलं, झोपली असेल. मग चोच उघडी दिसली.

सासूबाई म्हणाल्या, "तू खंय मारलंस गो तिका? उष्म्यान गेली ती." ह्यांनी तिला काजूखाली पुरलं. मी तो धोंडा उचलून कुंपणापलीकडे फेकला. आता फेकून काय उपयोग?

अंडी जुन्या लुगड्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवली आहेत. मघाशी एकेक कानाला लावून बघितलं. आठ गप्प आहेत. नवव्यातून बारीक चिवचिव आली. कालही आली होती, तेव्हा भुरीने घशातल्या घशात तिला उत्तर दिलं होतं. मी शेजारी बसून ऐकलं होतं.

आताही ते पिल्लू थांबून थांबून हाक मारतंय. मला तसा आवाज काढता येत नाही.