क्रांतीची कार्डं

१८ जून
ठरलं! पहिलीच्या दोन्ही तुकड्यांना अक्षरांचे आवाज जोडूनच वाचायला शिकवायचं. अ तुकडी माझी, ब क्रांतीची. मुख्याध्यापक धैर्यशील सरांना चित्रकार्डांचं वेड लागलंय — चित्र बघायचं, खालचा अख्खा शब्द पाठ करायचा. उद्याच्या मीटिंगमध्ये दोघी विरोध करणार. क्रांती म्हणाली, "भैरे, तू सुरुवात कर. मी हाय की मागं." तिची लेक इरावतीही यंदा पहिलीत, तिच्याच वर्गात. तिला काळजी असणारच.

१९ जून
ती मागं नव्हती.

मी बोलले. चित्र झाकलं की पोरं गप्प होतात, हे सांगितलं. गेल्या वर्षी आदर्शनं 'मगर' चक्क 'सुसर' वाचलं — बिचारा चित्रच वाचत होता! सगळे हसले. मग सर म्हणाले, "क्रांतीबाई, तुमचं काय मत?"

तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "भैरवीबाईंची पद्धत जुनी झाली सर. पोरं कंटाळतात. कार्डंच बरी."

भैरवीबाई!

सरांनी तिथंच जाहीर केलं — कार्डांचं प्रशिक्षण सगळ्यांना क्रांतीच देणार. म्हणजे आधीच ठरलेलं. काल माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पिताना तिला सगळं माहीत होतं!

रोज तिच्या स्कूटरवरून येते. आज बसनं आले.

२० जून
तिचा फोन. उचलला नाही.

११ जुलै
प्रशिक्षण झालं. समोर बसून ऐकावं लागलं. छान बोलते ती. माझीच उदाहरणं, उलटी करून.

वर्गात मी कार्डं भिंतीला लावून ठेवलीत आणि आवाजच जोडून घेते. आज तेजस्वी ओरडली, "बाई, क-म-ळ... कमळ! मी वाचलं!" क्रांतीला सांगायला म्हणून शेजारच्या वर्गाकडं निघाले. दारात आठवलं. परत फिरले. मीटिंगपेक्षा हे जास्त लागलं.

३० ऑगस्ट
राग किती दिवस धरायचा? कदाचित तिला कार्डं खरंच पटली असतील. मत बदलतं की माणसाचं. माझंच चुकत असेल. सोमवारी आपणहून बोलेन.

३१ ऑगस्ट
राजारामपुरीच्या बाजारात इरावती भेटली, आजीसोबत. गाड्यावरची पाटी बघून घडाघडा वाचलं — "गरम वडा!" चित्र नव्हतं. कुणी शिकवलं गं?

"आईनं. रोज घरी. आवाज जोडून. शाळेत सांगायचं न्हाय म्हणालीया."