बंदूक तुझ्याकडे का येत नाही

चिरंजीव धाकट्यास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. ईश्वरकृपेने आम्ही सारी सुखरूप आहोत. गुडघे तेवढे माझे ऐकत नाहीत, पण या घरात न ऐकणारे ते एकटेच नव्हेत. तू वेळेवर जेवतोस ना? (पत्रात तू नेहमी "उत्तम आहे" असे लिहितोस. हे उत्तर मला कधीच पटलेले नाही.)

बाबांची बंदूक आठवण म्हणून पाठवून दे, असे तू कळवलेस. ते होणार नाही. कारण सविस्तर लिहिते. चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच.

माळ्यावरच्या गाद्या काढताना ती सूनबाईला सापडली, बाबांच्या कोटात गुंडाळलेली. बाबांना जाऊन वर्षे लोटली, परवाना त्यांच्याबरोबरच संपला. म्हणजे नित्य देवपूजा करूनही मी कायद्याने गुन्हेगार. सूनबाई म्हणाली, नदीत सोडून द्या. पाण्यात टाकलेले पुन्हा वर येते आणि भलत्याच्याच हाती लागते, हे पुराणांत मी इतक्यांदा वाचले आहे की तो मार्ग तिथेच बंद केला. भंगारवाल्याकडे नुसती चौकशी केली, तर त्याने तत्काळ स्टूल पुसून मला बसायला दिले. (इतकी वर्षे त्याला रद्दी घालते आहे, कधी सावलीतही उभे केले नाही.) मी तशीच परत फिरले.

अखेर पोलीस ठाण्यात फोन केला. हात लावू नका, खोलीला कुलूप घाला, स्वतः घेऊन येऊ नका, आमचा माणूस येईल, असे त्यांनी सांगितले. आला तो साध्या वेषात, पायांत चपला. दाराची साखळी न काढता मी ओळखपत्र मागून घेतले आणि उजेडात धरले, तो फोटोतला गृहस्थ सडपातळ. मग पुन्हा ठाण्यात फोन लावून त्यांच्या माणसाचे वर्णन विचारले. त्यांनी पोटाचा उल्लेख आपणहून केला, तेव्हा दार उघडले. सूनबाई शरमेने स्वयंपाकघरात जाऊन बसली ती पाणी द्यायलाही बाहेर येईना.

बंदुकीचे पुढे काय होणार, हे मी त्याला खोदून खोदून विचारले. तुकडे करून वितळवतात, म्हणाला. ती कुणा साहेबाच्या दिवाणखान्यात टांगली जाणार नाही कशावरून, असे मी म्हणताच त्याने सुस्कारा सोडला.

"आजी, तुमचा कुणावर तरी विश्वास आहे का?"

"देवावर आहे. पण त्याच्यावरही लक्ष ठेवून असते."

मग त्याने मला मागे सरायला सांगितले, नळीचे तोंड भिंतीकडे केले आणि बंदूक उघडली. आत काडतूस होते. इतकी वर्षे आम्ही त्याच्याखाली बसून जेवलो, भांडलो, मुले निजवली. त्याने काडतूस वेगळे ठेवले, पोच लिहून दिली आणि तो गेला.

तो गेल्यावर तुझे पत्र मी पुन्हा काढले. धाकट्या, बाबा ससा मारून आणत तेव्हा तू ताटावरून उठून जायचास. भावजय गेल्यापासून मात्र तू आधी मला पेटी पाठवलीस, मग घड्याळ, मग तिचे शिवणयंत्र. वानप्रस्थाला निघणाऱ्याने वस्तू वाटून टाकाव्यात, असे शास्त्र आहे. परंतु वानप्रस्थाला निघालेला माणूस बंदूक मागत नाही. भंगारवाल्याचा, पोलिसाचा, मी सगळ्यांचा संशय घेतला. ज्याचा घ्यायला हवा होता त्याचे पत्र उशाखाली ठेवून झोपत होते. मला तुझ्या जिवाची भीती वाटते. हे वाक्य मी आजवर कुणाला लिहिलेले नाही.

तुझी,
थोरली

ता. क. बंदूक जमा करण्यासाठी सर्व वारसांच्या सह्या समक्ष लागतात, असा नियम आहे. तरी ताबडतोब निघावे. काम किचकट आहे. दोन-तीन महिन्यांच्या बेताने कपडे घ्यावेत.

पुन्हा ता. क. वरचा नियम मी रचला आहे. सही लागत नाही. जन्मभर सत्याचे माहात्म्य वाचून या वयात मला सरकारी नियम रचावे लागले, हे पाप तुझ्या माथी. तरी ये.

आणखी एक. टपालावर माझा भरवसा नसल्याने हे पत्र तुझ्या भाच्याच्या हाती दिले आहे. तू वाचत असताना तो समोर बसून राहील. तसे मी त्याला बजावले आहे. त्याच्याजवळ परतीची दोन तिकिटे आहेत.