पाटीवरचा एपिक्युरस

४ डिसेंबर
पाटी लागली! ‘एपिक्युरस होमस्टे — खा, प्या, मजा करा.’ नाव पुण्याच्या एका पाहुण्याने सुचवलं. म्हणे, ग्रीसचा मोठा तत्त्वज्ञ, चंगळ हाच त्याचा धर्म. अख्ख्या दिवेआगरात असं नाव नाही!

जानेवारीत स्विमिंग पूल खोदायचा. त्यासाठी वादळातून वाचलेली सुपारीची झाडं पाडावी लागतील. सासऱ्यांना विचारलं. “बघ, तुला बरं वाटंल तसं,” म्हणाले नाना, आणि सुपाऱ्यांखालच्या बाकड्यावर जाऊन बसले. वाईट वाटलं. पण पाहुण्यांना पूल लागतोच.

७ डिसेंबर
ठाण्याहून नीराबाई आल्या, एकट्याच. तत्त्वज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त. पाटी वाचून इतक्या हसल्या की पायरीवरच बसल्या! मी कोलंबी, सोलकढी, मोदक — सगळं जीव ओतून केलं. बाईंनी मऊ भात आणि ताक घेतलं. “पुरे हो.” पुरे? माझ्या हाताला चव नाही की काय!

८ डिसेंबर
हसलात का, विचारलंच. “अहो कल्पिता, तो पाव आणि पाण्यावर खूश असायचा. मित्राला कळवलं, थोडं चीज पाठव, म्हणजे मेजवानी करीन!” अंगाला दुखणं नाही, मनाला घोर नाही — हेच त्याचं सुख. बागेत मित्रांशी गप्पा. चंगळ लोकांनी त्याच्या नावावर खपवली. त्यात मीही आले!

१० डिसेंबर
नाना आणि बाई सकाळपासून बाकड्यावर. माझ्याशी चार शब्द न बोलणारे नाना! चहा घेऊन गेले तर सांगत होते, “ही झाडं वादळात वाकली, पर मोडली न्हाय.”
“मग आता का पाडताय?” बाईंनी विचारलं.
“माझा पोरगा केतन तिकडं उरणला ट्रकवर. हिकडं सून एकलीच राबते. तिलाबी जगाया हवं.”
मी चहा ठेवला आणि परत आले. डोळे भरून आले होते.

११ डिसेंबर
बाई निघाल्या. जाताना म्हणाल्या, शेवटच्या दिवशी असह्य कळा येत असताना एपिक्युरसने मित्राला लिहिलं — आजचा दिवस सुखाचा आहे, आपल्या गप्पा आठवतायत. काय माणूस! “असं खरंच जमतं कुणाला?” मी विचारलं. बाई नुसत्या हसल्या.

२० डिसेंबर
पूलवाल्याचा फोन. उचलला नाही.

२ जानेवारी
नीराबाईंच्या मुलीचा फोन. बाई परवा गेल्या. पोटाचा कॅन्सर. इथे होत्या तेव्हाही रोज कळा येत होत्या. “शेवटपर्यंत तुमचं बाकडं, नाना आणि मऊ भात, एवढंच सांगत होती आई.”

पूलवाल्याला नको म्हणून कळवलं. मग नानांना सांगायला गेले, आणि आज पहिल्यांदा त्या बाकड्यावर बसले.