बेगमपुऱ्यातलं झाकण

आप्पा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहायचा असतो. आज मी तो खरोखर घालून आलो, संभाजीनगरला, बेगमपुऱ्याच्या भर रस्त्यात. शर्टाला अजून धूळ आहे. तुम्ही जाऊन आठ महिने झाले. इतके दिवस तुमच्याशी बोलायला मला तोंड नव्हतं. आजही नाही. पण आता लिहिलं नाही तर मी पुन्हा काहीतरी कारण काढीन.

आपण दोघं तिथं गेलो होतो तो दिवस तुम्हाला आठवत असेल ना?

बिंदुसरेच्या कालव्यावर तुम्ही पाटकरी. कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं, कुठलं दार उघडायचं, सगळं तुमच्या हातात. पाणी दिसायच्या आधीच तुम्ही रानाकडं जाणाऱ्या चारीच्या काठाला कान लावून सांगायचात, "आलं. वडाच्या झाडापस्तोर आलं." आणि अख्खं पाली गाव त्या शब्दावर खोरी घेऊन निघायचं!

असा माणूस, आणि त्यानं औरंगाबादची नहर पाहिली नव्हती. (तुमच्या तोंडी शेवटपर्यंत औरंगाबादच.) मोटार नाही, पंप नाही, चारशे वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी जमिनीखालून शहरभर फिरवलं, हे कुणीतरी सांगितलं आणि तुम्ही माझ्या मागे लागलात.

मी काय केलं? कागद केला. सव्वासहाची बस, दहाला पाणचक्की, साडेतीनची परतीची बस. आधार कार्डाच्या दोन-दोन झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत. "सुधा, आपण फिराय चाललोत का तुरुंगात?" तुम्ही विचारलंत. मला हसूसुद्धा आलं नाही.

पाणचक्कीवर भिंतीतून वर चढलेलं पाणी हौदात पडताना पाहून तुम्ही टोपी काढून हातात धरलीत. मग हट्ट धरलात, हे येतं कुठून ते बघायचं. बेगमपुऱ्यात केळीवाल्या चाचांनी रस्त्यातलं एक दगडी झाकण दाखवलं. म्हणाले, "इसके नीचे से जाती नहर. अब पानी है के नै, अल्ला जाने."

"मी सांगतो की!" म्हणत तुम्ही धोतरानिशी रस्त्यावर आडवे झालात.

रिक्षावाला थांबला. "काका, चक्कर आली का?"

"गप बे. पानी बोलायलंय."

कॉलेजच्या पोरी हसत होत्या. एकानं मोबाइल वर धरला होता. आणि मी? मी घड्याळ बघत होतो.

"सुधा, ये. तूबी कान लाव."

"उठा ना आप्पा."

"आरं, ये तर!"

"आलं, आलं ऐकू. उठा आता."

मी उभाच होतो, आप्पा. गुडघासुद्धा वाकवला नव्हता. तरी तुमचा चेहरा काय फुलला! चाचांना म्हणालात, "माझ्या पोरानंबी आयकलं." आणि आपण स्टँडवर पोहोचलो तेव्हा बस सुटायला पाऊण तास होता. पाऊण तास!

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या हॉटेलात तुम्ही सगळं सांगितलंत. भागवततात्यांनी कपातला चहा बशीत ओतत चिडवलं, "चारशे वर्सं पानी तितं लपून बसलं व्हय? तुमचीच वाट बघत?"

"ह्याला इचारा," तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "नववीतून शाळा सुटली, पर अर्जात काना चुकत न्हाई ह्याचा. ह्यो खोटं बोलनार न्हाई."

सगळे माझ्याकडं बघू लागले. हो म्हणावं तर खोटं, आणि खरं सांगावं तर मी कान लावलाच नव्हता, हे चारचौघांत कसं सांगू? मी म्हणालो, "मला नीट ऐकू नाही आलं. रिक्षाचा आवाज असंल."

"आप्पा, आता रानाला रिक्षा पाजा!" तात्या म्हणाले. हॉटेल हसलं.

घरी येताना तुम्ही एवढंच विचारलंत, "मंग तितं हो कावून म्हनलास?" मी झपाझपा पुढं निघालो. तुम्ही परत विचारलं नाहीत. रागवायचं तरी होतं! त्यानंतर कालव्याला पाणी सुटलं तेव्हा तुम्ही चारीवर उभे राहिलात आणि मला म्हणालात, "आलं का, तूच बघ. माझ्या कानाचं काय खरं न्हाई." पुढचं पाणी सुटायच्या आत तुम्ही गेलात.

म्हणून आज गेलो. कागद न करता. चाचा त्याच जागी होते, त्यांनी मला ओळखलं नाही. "वो झाकन तो गया, बेटा. रोड बन गया." नवा सिमेंटचा रस्ता आहे. त्यांनी बोटानं दाखवलं तिथं मी आडवा झालो, कान लावला. लोक हसले. बराच वेळ पडून राहिलो. काही ऐकू आलं नाही. गाड्यांची घरघर, बाकी काही नाही.

तुम्ही ऐकलंत ते आता कुणालाच तपासता येणार नाही. एकच माणूस साक्षीदार होऊ शकला असता, आणि तो साडेतीनच्या बसच्या काळजीत होता.

उद्या सकाळी मी फाट्यावर जाणार आहे. तात्या असतील, बाकीचेही असतील. मी सांगणार आहे की मी कान लावलाच नव्हता. मला लाज वाटली होती, आप्पांची. हे शब्द मी आत्ता तीनदा लिहून पाहिले. न अडखळता म्हणेन, हा माझा तुम्हाला शब्द. आणि तात्यांनी विचारलं, "मग पानी होतं का न्हवतं?" तर सांगेन, "आप्पांनी ऐकलं होतं."

तुमचा चुकलेला,
सुधाकर