बत्तीस तारीख

३ ऑक्टोबर

खोटं बोलले. सरळ नव्या साहेबांच्या तोंडावर!

ते म्हणाले, "कोडिंग येतं ना तुम्हाला?" आणि माझ्या तोंडून निघालं — "शिकतेय." शिकतेय म्हणे! अठरा वर्षं हॉस्पिटलच्या या तळघरात डिस्क बदलतेय. कुठली भरत आली, कुठली आता मान टाकणार, हे आवाजावरून सांगते. पण प्रोग्रामची एक ओळ कधी लिहिली असेल तर शपथ.

झालंय असं, की आमचं स्टोरेज काठोकाठ भरलंय. सगळ्या रुग्णांचे एक्स-रे, सोनोग्राफी, डोळ्यांचे फोटो — सगळं माझ्याच ताब्यात. म्हणून तर सगळे मला "कोठीवाल्या" म्हणतात. आता नवीन यंत्रणा घ्यायची आहे आणि चाळून चाळून दोन उरल्यात. एक त्या बड्या कंपनीचे टाय लावलेले विक्रेते, म्हणजे आमचे टायवाले, विकतात ती. भलीमोठी, कुठलाही फोटो चुटकीसरशी समोर, आणि सांभाळायलाही त्यांचीच माणसं. म्हणजे मला नारळ. दुसरी बरीच स्वस्त — खाली थोडी वेगवान जागा आणि वर मोठा संथ साठा. मी तिला "माळा" म्हणते. माळ्यावरचा फोटो खाली यायला चार-पाच तास लागतात. आणि ती चालवायला घरचंच माणूस हवं, प्रोग्राम लिहिता येणारं.

महिनाभरात निर्णय. शिफारस कोण करणार? मी! आपल्याच पायावर धोंडा मारून घ्यायचा का, ते मीच ठरवायचं.

५ ऑक्टोबर

ऑनलाइन वर्ग लावला. शिकवणारा इतका भराभर बोलतो की त्याच्या मागे कुत्रं लागलंय की काय! पहिला प्रोग्राम — स्वतःचं नाव छापायचं. छापेल तर ना. नवरोबा डोकावून म्हणाले, "नाव बदलून बघ."

उशी फेकून मारली.

७ ऑक्टोबर

आज मजाच झाली. जेवणाच्या टेबलाशी बसून, वैतागून, ओळी मोठ्याने वाचत होते. पलीकडे मामंजी रेडिओ ऐकत बसलेले. त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "कंस उघडलास, तो बंद कुठे केलास?"

बघते तर खरंच!

मामंजी विमा कंपनीत प्रोग्राम लिहायचे हे मला माहीत होतं. पण कसं, तर एखादा चुलत काका पूर्वी कुस्ती खेळायचा हे माहीत असतं ना, तसं. कधी दोन शब्द विचारले नाहीत. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, इतका पिकलेला की माझा चेहरा म्हणजे त्यांना नुसतं धुकं. स्क्रीनचं नावच नको. पण कान! बाप रे!

"तुमच्या वेळची भाषा वेगळी होती ना?" म्हटलं.

"जर-तर कुठल्याही भाषेत जर-तरच असतं. वाच पुढे."

वाचलं. म्हणाले, साडेतीन चुका. अर्धी कुठली, विचारलं. "ती चालेल. पण लाज वाटायला हवी."

८ ऑक्टोबर

कंस, कंस आणि कंस! मामंजी म्हणतात, "या कंसाला मारायला कुणी जन्म घेणार नाहीये, तुझा तूच बंद कर." आणि स्वतःच्याच विनोदावर खो खो हसले. सासूबाई गेल्यापासून त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

१० ऑक्टोबर

डोळ्यांचा विषय काढला. उगाच काढला.

ऑपरेशन तीन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, आमच्याच हॉस्पिटलात. तपासणी झाली, फोटो काढले, दिवसही मिळाला. आणि त्याच आठवड्यात, त्याच इमारतीत, सासूबाई गेल्या. तेव्हा मामंजी त्या दारातून बाहेर पडले ते पडलेच. पुन्हा पाऊल ठेवलं नाही. डोळ्यांचे डॉक्टर मला परवा कँटीनमध्ये म्हणाले, आता मोतीबिंदूआडून आतला पडदाही नीट दिसायचा नाही, तेव्हाचा जुना फोटो हाच आधार. तरी घेऊन या, म्हणाले. अजून वेळ गेलेली नाही.

म्हटलं, "मामंजी, एकदा नुसतं दाखवून तर येऊ. मी असतेच की तिथे दिवसभर."

"येईन की. बत्तीस तारखेला."

ठरलेलं उत्तर. डॉक्टर म्हटलं की बत्तीस तारीख. नवा चष्मा म्हटलं की बत्तीस तारीख. मग रेडिओ मोठा. मी ताटं जरा जास्तच जोरात ठेवली. त्यांना दिसत नसलं तरी ऐकू जावं म्हणून!

१३ ऑक्टोबर

चालला! माझा पहिला खरा प्रोग्राम चालला! कुठला फोटो शेवटचा कधी उघडला गेला ते सांगतो. म्हटलं, जुने फोटो फारसे कुणी बघत नाही हे एकदा दाखवून दिलं की माळाच घ्या असं छातीठोक सांगता येईल.

उत्तर आलं — सगळेच्या सगळे काल उघडलेले.

म्हणजे सगळंच रोज लागतं. म्हणजे माळा बाद. टायवाले आत, मी बाहेर. पण आकडे ते आकडे, लपवणार कशी? साहेबांना तोंडी सांगून आले. लिफ्टपाशी टायवाले भेटले, हसून हात मिळवला. घरी येऊन रडले थोडी. कांदा चिरत होते, कुणाला कळलं नाही.

१४ ऑक्टोबर

कळलं होतं. सकाळी मामंजी म्हणाले, "काल वाचायला बसली नाहीस. काय निघालं?"

सांगितलं. ते म्हणाले, "जी माणसं केव्हाच गेली, त्यांचे फोटो परवा कुणी बघितले गं?"

मी दात घासत होते. ब्रश तोंडातच राहिला. व्हायरस तपासणी! ती रोज रात्री चालते, एकेक फाइल उघडून बघते आणि बंद करते. रखवालदार रात्री प्रत्येक खोलीचं दार ढकलून बघतो, म्हणून काय त्या खोल्यांत माणसं राहतात? आणि ती तपासणी लावली कुणी? मीच! बावळट, बावळट, बावळट.

१५ ऑक्टोबर

रखवालदाराला वगळून पुन्हा मोजलं. दोन वर्षांहून जुन्या फोटोंतले शंभरात जेमतेम तीन उघडले जातात. तीनच!

साहेबांकडे जाऊन "परवाचं माझं चुकलं" म्हणावं लागलं. कान गरम झाले. ते एवढंच म्हणाले, "बरं झालं, अजून कुठे सही केली नव्हती." वाटतो तितका खडूस नाही माणूस.

१७ ऑक्टोबर

पण ते तीन!

घाई मॅडम आमच्या एक्स-रे विभागाच्या प्रमुख. जिनासुद्धा दोन-दोन पायऱ्या गाळत चढतात. त्यांना माळ्याचं सांगितलं तर कडाडल्याच. "रुग्ण समोर बसलाय आणि मी पाच तास फोटोची वाट बघू? अहो, जुना फोटो ज्याचा लागतो त्याचंच दुखणं अवघड असतं!"

भांडायच्या तयारीने गेले होते, मान डोलावून परत आले. खरं आहे त्यांचं.

२० ऑक्टोबर

सुचलं! सुचलं!

काउंटरवालीचा प्रिंटर अडकला. माझं काम नव्हे, तरी गेले. ती रडकुंडीला आलेली. "ताई, काहीतरी करा हो, उद्याच्या अपॉइंटमेंट संध्याकाळी पाचच्या आत सगळ्या डॉक्टरांना पोचवायच्या असतात!"

मी प्रिंटरचं झाकण हातात घेऊन तशीच उभी. उद्या कोण येणार ते आजच माहीत असतं! मग त्यांचे जुने फोटो आजच माळ्यावरून खाली काढून ठेवले तर? अख्खी रात्र हाताशी आहे की! प्रोग्रामने रोज पाचला उद्याच्या अपॉइंटमेंट बघायच्या आणि फोटो खाली मागवायचे. बस्स!

झाकण तिच्या हातात देऊन पळाले. अजून माझ्या नावाने बोटं मोडत असेल.

घरी धापा टाकत मामंजींना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आम्ही हेच करायचो. दुसऱ्या दिवशीचं काम बघून टेपा आदल्या संध्याकाळी काढून ठेवायच्या." घ्या! माझ्या शोधाची हवाच काढली. पण लगेच खुर्ची ओढून बसले. "सांग, कसं लिहिणार?"

२४ ऑक्टोबर

रोज जेवण झालं की वाचन. नवरोबा म्हणतात, घरात पोथी लागलीय — कंस, स्वल्पविराम, कंस. मामंजी डोळे मिटून ऐकतात आणि टेबलावर बोटाने ठेका धरतात. ठेका थांबला की समजायचं, चुकलं.

खरं लिहू का? नोकरी वाचवायला सुरू केलं होतं. आता जेवण कधी एकदा आटपतं असं होतं. मला हे आवडतंय! या वयात काहीतरी नव्याने इतकं आवडेल, वाटलं नव्हतं. आणि त्यांनाही. आज भाजी घेताना मधेच म्हणाले, "ती सातवी ओळ बदल." सातवी ओळ! मला माझा फोन नंबर पाठ नाही.

२७ ऑक्टोबर

साहेब, घाई मॅडम आणि टायवाल्यांसमोर प्रोग्राम दाखवला. घाई मॅडमनी अपेक्षेप्रमाणे अडवलं. "आणि जो न सांगता येतो, त्याचं काय?"

तयारी होती! तातडीच्या विभागात नाव नोंदलं की प्रोग्राम लगेच फोटो मागवतो. जास्त पैसे पडतात, पण अर्ध्या तासात येतो. त्या म्हणाल्या, "अर्धा तास तर रक्त तपासण्यात जातो. चालेल."

माळ्यावाल्यांनी मशीन आधीच वापरून बघायला दिलंय, दोन वर्षांहून जुनं सगळं त्याच्यावर चढवलंय. साहेब म्हणाले, आठवडाभर जुन्या स्टोरेजची वाट बंद करा, खरीखुरी परीक्षा होऊ दे. टायवाले नुसते हसले. मला ते हसू आवडलं नाही.

३० ऑक्टोबर

रोज सकाळी सगळे फोटो हजर! घाई मॅडम जिन्यात "ठीक आहे" म्हणाल्या. त्यांचं ठीक आहे म्हणजे दुसऱ्या कुणी गळ्यात हार घालण्यासारखं.

१ नोव्हेंबर

गेलं. सगळं गेलं.

सकाळी एकही जुना फोटो नाही. एकही! घाई मॅडम स्वतः तळघरात उतरल्या. "कोठीवाल्या, काय झालं तुमच्या माळ्याचं? बाहेर रांग लागलीय!" माणसांचं अडायला नको म्हणून मीच जुन्या स्टोरेजची वाट उघडून दिली. म्हणजे हरलेच की.

दुपारी सापडलं. 'उद्या' शोधायला मी काय केलं होतं? आजच्या तारखेत एक मिळवायचा. आणि काल होती एकतीस. प्रोग्रामने मुकाट्याने बत्तीस ऑक्टोबरच्या अपॉइंटमेंट शोधल्या. कुणाचीच नव्हती. नसणारच! एका ओळीची दुरुस्ती. केली.

घरी येऊन मामंजींना सांगितलं. वाटलं, पोट धरून हसतील. हसले नाहीत. "ती ओळ मीही रोज ऐकत होतो," म्हणाले. मग, "म्हणजे त्या दिवशी कुणी यायचा असता, तर त्याचा फोटो काढून ठेवला असता त्याने?"

"ठेवला असता. पण बत्तीस तारखेला कोण येतंय, मामंजी!" जरा तुसड्यासारखंच बोलले. माझं डोकं कुठे ठिकाणावर होतं!

उठून खोलीत गेले. रेडिओही लावला नाही. रागावले बहुतेक. मास्तर मी आणि शिष्येने नाक कापलं, असं वाटलं असेल.

२ नोव्हेंबर

साहेब बाहेरगावी. निर्णय उद्या. प्रोग्राम वाचायला ना मी बसले, ना मामंजी. घर सुनं सुनं.

३ नोव्हेंबर

टेबल आवरूनच साहेबांकडे गेले. कप, शाल, छोटा स्क्रूड्रायव्हर — सगळं पिशवीत.

"चूक कधी सापडली?" "त्याच दुपारी." "दुरुस्ती केवढी?" "एक ओळ."

ते म्हणाले, "मी टायवाल्यांना विचारलं, तुमच्याकडे असं झालं तर? म्हणाले, तक्रार नोंदवा, आठवड्याभरात माणूस येईल." आणि कागद पुढे सरकवला. माळा! घाई मॅडमची सही आधीच झालेली. खाली माझं नाव आणि पुढे — स्टोरेज व प्रोग्रामिंग.

दारापर्यंत गेले तर मागून म्हणाले, "त्या दिवशी 'शिकतेय' म्हणालात, तेव्हा खरं किती येत होतं?"

"काहीच नाही, साहेब."

"वाटलंच होतं."

पिशवी परत टेबलावर उपडी केली. घरी सांगितलं तर नवरोबांनी मला उचलायचा प्रयत्न केला, कंबर धरून बसलेत. मामंजी फक्त म्हणाले, "कंस बंद झाला."

४ नोव्हेंबर

सकाळी चहा द्यायला गेले. मामंजी कप हातात घेऊन म्हणाले, "तुझ्या प्रोग्रामने बत्तीस तारीख खरंच आणली. दिलेला शब्द आहे माझा, मागे कसा घेऊ? पाचच्या आत उद्यासाठी नाव घाल माझं, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. तीन वर्षांचा जुना फोटो आहे तुझ्या माळ्यावर. बघू, खाली येतो का."

घातलं. पाचला स्क्रीनसमोर बसून राहिले. माळ्यावरून फोटो निघाला!